जीवदया : लंगडणाऱ्या पायासाठी योग्य हात

रतन टाटा यांच्या एका कुत्र्याचा सांधा निकामी होऊ लागला, तेव्हा त्याला उपचारासाठी थेट अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया व्हावी, हा हेतू होता. परंतु तेथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. शल्यचिकित्सकांनी मग तो सांधा एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकला. ही हकीकत टाटांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितली. मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभे राहिलेले लहान प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटांचे निधन झाले. रुग्णालयाच्या भव्यतेची चर्चा पुष्कळ झाली. त्यामागच्या ‘उशीर झाला’ या दोन शब्दांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जगातील कोणत्याही चिकित्सकाचे दार ज्याच्यासाठी उघडले असते, त्याच्याही कुत्र्याच्या वाट्याला ते शब्द यावेत, ही गोष्ट जळगावच्या दाणाबाजारातील किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील गृहस्थाने विचारात घेण्यासारखी आहे.

कारण खानदेशात हा उशीर पैशांच्या अभावी क्वचितच होतो. तो होतो ओळखीच्या माणसांमुळे. व्यापारी कुटुंबाची रीतच अशी की, कोणतेही काम निघाले, म्हणजे प्रथम ओळखीचा माणूस आठवतो. कुत्रा पाय टेकेनासा झाला, की संध्याकाळी दुकान बंद करून येताना मेडिकलवाल्या मित्राकडून वेदनाशामक गोळी आणली जाते. चार दिवसांनी कोणी तरी हाड बसविणाऱ्याचे नाव सुचवितो. तो पाय ओढतो, लेप लावतो, बांबूच्या कामट्या बांधून देतो. त्यानेही गुण आला नाही, तर नात्यातील एखाद्या फिजिओथेरपिस्ट सुनेला फोन जातो. पशुवैद्याचा क्रमांक येतो तो तीन-चार आठवड्यांनी. एवढ्या अवधीत तुटलेले हाड वाकडे जुळू लागलेले असते, मांडीचा स्नायू उतरलेला असतो आणि कुत्र्याने तीन पायांवर चालण्याची सवय लावून घेतलेली असते. या प्रवासातील प्रत्येक माणूस दयाळू असतो. हानी झाली ती दयेच्या अभावाने नव्हे, क्रम चुकल्याने.

त्यातही पहिली पायरी सर्वांत घातक. माणसाच्या घरातील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला अंदाजाने देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आघात करते. शिवाय वेदना दडपली गेली, की तो प्राणी मोडक्या पायावर धावू लागतो आणि दुखापत वाढते. डायक्लोफिनॅकची कथा तर भारतात सर्वांनाच ठाऊक असावी. गुरांना दिलेल्या या औषधाचे अंश मृत जनावराच्या मांसात राहत आणि ते मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे बंद पडून मरत. गिधाडांची संख्या झपाट्याने ढासळल्यावर २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. एका जिवाची वेदना शमविण्यासाठी दिलेली गोळी लक्षावधी जिवांच्या नाशाला कारण झाली, याचे इतके थेट उदाहरण दुसरे नाही.

मग योग्य माणूस कोणता? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार प्राण्यांवर वैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याला आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही त्याची मूळ पदवी. राज्य परिषदेकडील नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर असावयास हवा. गावोगावी ज्यांना सरसकट ‘गुरांचे डॉक्टर’ म्हटले जाते, त्यांपैकी अनेक जण पशुधन पर्यवेक्षक असतात. पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची त्यांना मुभा असते. लसीकरणात, गाईच्या पोटफुगीत त्यांचा अनुभव मोलाचा असतो. परंतु कुत्र्याच्या गुडघ्याची परीक्षा हे निराळे काम आहे, आणि तसे सांगितल्याने त्यांचा अवमान होत नाही.

जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. लहान प्राण्यांचे खासगी दवाखानेही आहेत. कोठेही गेले, तरी दारातच दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पायाचा क्ष-किरण काढण्याची सोय आहे काय, आणि तो समोरून व बाजूने अशा दोन्ही दिशांनी काढला जाईल काय? एकाच बाजूने काढलेल्या चित्रात सरळ दिसणारे हाड दुसऱ्या बाजूने सरकलेले असू शकते. हाडाच्या शस्त्रक्रिया येथेच होतात की बाहेर पाठविले जाते? बाहेर पाठवीत असल्यास कोणाकडे? ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, अमक्या शल्यचिकित्सकाकडे न्या’ असे मोकळेपणाने सांगणारा पशुवैद्य हाच बहुधा विश्वासाचा. व्यापारात जो दुकानदार ‘हा माल माझ्याकडे नाही, पलीकडच्या दुकानात मिळेल’ असे सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे या वाचकांना निराळे सांगावयास नको.

क्ष-किरणाइतकेच महत्त्व हातांच्या परीक्षेला आहे. मागील पाय लंगडण्याचे एक अतिशय सामान्य कारण म्हणजे गुडघ्याच्या आत फुलीच्या आकारात असणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा बंध तुटणे. हा बंध क्ष-किरणात दिसत नाही. जाणकार पशुवैद्य कुत्र्याला आडवे निजवून, मांडीचे हाड एका हाताने स्थिर धरून, दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे सरकते काय हे पाहतो. टेबलाचा खण जसा पुढे यावा, तसे ते सरकते. ज्याने पायाला असा हात न लावताच औषध लिहिले, त्याच्याकडून दुसऱ्या चिकित्सकाकडे जावे. पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांत या दुखापतीला विश्रांती, वजनावर नियंत्रण आणि व्यायाम यांनी बराच गुण येऊ शकतो. लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या थोराड कुत्र्याला बहुधा शस्त्रक्रिया लागते. लंगडणे तेच, पण एका कुत्र्याला सुरी लागते आणि दुसऱ्याला लागत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेला उपाय आपल्या कुत्र्याला लावू नये.

काही प्रसंगी मात्र चौकशीला वेळच नसतो. हाड कातडीबाहेर आले आहे, रक्त थांबत नाही, पंजा थंड पडला आहे किंवा बोटे चिमटली तरी कुत्र्याला जाणीव नाही, तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. जखमी कुत्रा मालकालाही चावतो. श्वासाला त्रास नसेल, तर मऊ कापडाच्या पट्टीने त्याचे तोंड सैलसर बांधावे आणि त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलावे. रस्त्यावरील कुत्रा चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. जळगाव-धुळे महामार्गावर पाळधी, एरंडोल, पारोळा ओलांडताना वाहनाने उडविलेले कुत्रे नेहमी दिसतात. गाडी थांबविणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे काय करावे हे ठाऊक नसते, आणि न थांबणाऱ्यांपैकीही पुष्कळांची अडचण हीच असते.

निदान झाले, शस्त्रक्रिया झाली किंवा टळली, की खऱ्या अर्थाने पायाचा उपचार सुरू होतो. येथे फिजिओथेरपी हा शब्द येतो. माणसांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे हात कुशल असतात, परंतु कुत्र्याची शरीररचना त्यांच्या अभ्यासक्रमात नसते. कुत्र्याच्या मागील पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो, तो गुडघा नसून टाच आहे. कुत्रा बोटांवर चालतो, म्हणून टाच अधांतरी असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. एवढ्या एका गैरसमजुतीने भलताच सांधा चोळला जातो. तेव्हा नात्यातील सुनेची मदत जरूर घ्यावी, मात्र पशुवैद्याने कोणता सांधा, किती वाकवावयाचा हे दाखवून दिल्यावर.

मुंबई-पुण्यात पाण्यातील चालपट्टीवर कुत्र्यांना चालविणारी केंद्रे आहेत. त्यामागील गणित मनोरंजक आहे. टाचेपर्यंतच्या पाण्यात उभ्या कुत्र्याच्या पायांवर शरीराचा सुमारे ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात ८५ टक्के, आणि पाणी नितंबाच्या सांध्यापर्यंत चढले की अवघा ३८ टक्के. दुखरा पाय न दुखता हलतो तो यामुळे. परंतु ही सोय नाही म्हणून खानदेशातील कुत्र्याचा पाय जाईल, असे मुळीच नाही. उपचाराचा मोठा भाग घरच्या ओट्यावर, घरच्याच माणसाच्या हातून होतो. दुखापतीनंतरचे वा शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, दहा मिनिटांपेक्षा अधिक नाही; पुढे, सूज उतरल्यावर, कोमट शेक. कुत्र्याला कुशीवर निजवून, चिकित्सकाने परवानगी दिलेला सांधा हळूहळू वाकवणे आणि सरळ करणे, दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. कुत्र्याने मान वळवून हाताकडे पाहिले, की थांबावे. तो त्याचा नकार असतो. त्यानंतर पट्टा लावून पाच मिनिटांचे संथ चालणे. संथ चालताना कुत्र्याला दुखरा पाय टेकावाच लागतो, धावताना तो उचलून धरता येतो. म्हणून घाई करू नये.

खानदेशाचे दोन शत्रू येथे विशेष आहेत. एक ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा सकाळी दहाच्या डांबरावर पंजे भाजतात. फिरणे सूर्योदयाच्या सुमारास उरकावे. दुसरा शत्रू घरातच असतो, तो म्हणजे गुळगुळीत फरशी. जुन्या वाड्यातील शहाबादी फरशी तरी खरबरीत होती. नव्या फ्लॅटमधील चकचकीत टाइल्सवर लंगडा कुत्रा पाय फाकून घसरतो आणि महिन्याभराची मेहनत क्षणात वाया जाते. दुकानातील रिकामी गोणपाटे अंथरून त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत वाट करून दिली, तर हजारो रुपयांच्या यंत्रापेक्षा अधिक उपयोग होतो. पायाला पट्टी वा प्लास्टर असेल, तर मधली दोन बोटे उघडी ठेवून घ्यावीत आणि सकाळ-संध्याकाळ ती पाहावीत. बोटे एकमेकांपासून फाकली, सुजली, गार पडली किंवा दुर्गंधी आली, तर पट्टी आवळली आहे. ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. प्रगती डोळ्यांना फसविते, म्हणून कापड मोजण्याच्या टेपने दर आठवड्याला दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी मोजून तारखेसह लिहून ठेवावा. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घराला हे अवघड नाही, आणि चिकित्सकाला तोंडी वर्णनापेक्षा ते आकडे अधिक सांगतात.

जैन कुटुंबांपुढे या काळात काही खास प्रश्न उभे राहतात. ते बहुधा दवाखान्यात विचारले जात नाहीत, मनातच राहतात. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पायाच्या उपचारात तर नेमके हेच करावयास सांगितले जाते, असे वाटू शकते. सहा-आठ आठवडे लहानशा जागेत बंदिस्त ठेवावयाचे, शस्त्राने छेद घ्यावयाचा, खाणे कमी करावयाचे. घरातील वडीलधाऱ्यांचा जीव त्यामुळे कळवळतो, आणि दुपारी कोणाचे लक्ष नाही असे पाहून आजोबा पट्टा सोडतात. हाडाला घातलेली खीळ निसटण्याचे हे अगदी नेहमीचे कारण. क्रोधाने वा लोभाने बांधणे आणि जुळणारे हाड हलू नये म्हणून गरजेपुरते बांधणे यांत अंतर आहे. ते आजोबांना पहिल्याच दिवशी, चिकित्सकासमोर बसवून समजावले पाहिजे. अतिभार हा अतिचार मात्र येथे शब्दशः लागू पडतो. तुपाची पोळी, शिरा, पेढा खाऊन बत्तीस किलोंचे व्हावयाचे कुत्रे बेचाळीस किलोंचे झाले असेल, तर ते दहा किलोंचे ओझे त्या दुखऱ्या पायावर घरानेच लादलेले आहे.

अमेरिकेत ४८ लॅब्रेडोरांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाला जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळाले, त्या गटाचे मध्यम आयुर्मान तेरा वर्षे भरले. पोटभर खाणाऱ्यांचे अकरा वर्षे आणि काही महिने. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा जडली. ऊनोदरीला तप म्हणणाऱ्या समाजाला याचे नवल वाटू नये. उपवास मात्र कुत्र्याला घडवू नये. वेदनाशामक औषध रिकाम्या पोटी गेले, तर जठराला इजा होते. घरात चौविहार पाळला जात असल्यास ते चिकित्सकाला आधी सांगावे. कुत्र्यांसाठीची काही वेदनाशामके दिवसातून एकदाच द्यावयाची असतात आणि ती सकाळच्या खाण्यानंतर देता येतात. स्नायू भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. केवळ दूध-पोळीवर ते होत नाही. शाकाहारी घरात शिजवलेली डाळ, पनीर, दही, सोयाबीन यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, त्यामुळे त्या बाबतीत जैन स्वयंपाकघर आधीच सुरक्षित आहे. प्रसादाचे बेदाणे आणि द्राक्षे मात्र तितकीच घातक, आणि ती प्रेमाने भरवली जातात.

सांध्यांसाठी म्हणून जी पूरक औषधे सर्रास लिहिली जातात, त्यांचे मूळही विचारून घ्यावे. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून, कॉन्ड्रॉयटिन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून आणि कॅप्सूलचे आवरण जिलेटिनपासून बनते. किण्वनाने तयार केलेले ग्लुकोसामाइन मिळू शकते. परंतु एकूणच कुत्र्यांमध्ये या दोन द्रव्यांच्या उपयोगाचा पुरावा दुबळा आहे, म्हणून ती टाळल्याने जिवावर अन्याय झाला असे मानण्याचे कारण नाही. ओमेगा-३ मेदाम्लांचा पुरावा त्या मानाने बरा. ती सामान्यतः माशांच्या तेलातून देतात, पण शैवालापासून काढलेले तेलही मिळते.

काही दुखापती जिल्ह्याच्या ठिकाणी सुटत नाहीत. अशा वेळी जळगावहून भुसावळमार्गे अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, किंवा नाशिकमार्गे मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि महालक्ष्मीचे रुग्णालय हे रस्ते आहेत. निघण्यापूर्वी क्ष-किरणाची चित्रे पाठवून, फोनवर वेळ ठरवून जावे. तेथे कधी कधी पाय काढण्याचा सल्ला मिळतो, आणि कुटुंब तेथूनच परत फिरते. अपंग जीव कसा जगेल, ही चिंता माणसाच्या अनुभवातून आलेली असते. कुत्र्याचे तसे नसते. चिरडलेला, सडू लागलेला पाय वेळीच काढलेली बहुतेक कुत्री काही आठवड्यांत तीन पायांवर धावू लागतात. त्यांना आरशात पाहावयाचे नसते. पाय वाचविण्याच्या आग्रहात महिनोन् महिने वेदना भोगावयास लावणे हा त्याहून कठीण पर्याय होय.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज खवळून रस्त्यावर उतरला. दंगल झाली, बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. म्हणजे त्या थोर संस्थेच्या मुळाशी कुत्री होती. पुढे पांजरापोळ म्हणजे गोशाळा, असे समीकरण रूढ झाले, आणि खानदेशातही दानाचा ओघ चाऱ्याकडे वळला, जे योग्यच आहे. परंतु महामार्गावर पाय मोडलेला कुत्रा उचलणाऱ्या माणसाला तो सहा आठवडे ठेवावयाचा कोठे, या प्रश्नाचे उत्तर आज जवळपास मिळत नाही. त्यासाठी १६५ कोटी लागत नाहीत. एखाद्या पांजरापोळीत खरबरीत फरशीची एक खोली, सहा-आठ पिंजरे, एक टेबल, महिन्यातून दोन दिवस येणारा हाडांचा पशुशल्यचिकित्सक आणि पाय वाकवण्याचे व्यायाम शिकून घेतलेले दोन सेवक, इतके पुरेसे आहे. पर्युषणातील जीवदयेच्या फंडाचा हिशेब करताना धुळे किंवा जळगावच्या एखाद्या संघाने या खोलीसाठी स्वतंत्र खाते उघडले, तर पहिल्या वर्षीचा खर्च मंडपाच्या रोषणाईपेक्षा फार अधिक होणार नाही.